अँकीचं परीक्षण: इंग्रजी शब्द टिकतात, पण तयार डेकच्या भरवशावर नाही

ऑफिसचे ईमेल जमतात, बातमी वाचता येते, पण इंग्रजी अग्रलेख हातात घेतला की दर परिच्छेदात दोन-तीन शब्द आडवे येतात. स्वतः लिहायला बसलं की 'इम्पॉर्टंट' आणि 'व्हेरी गुड' सोडून काही सुचत नाही. या टप्प्यावर अडलेल्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'अँकी टाक', म्हणजे फ्लॅशकार्डांवरून उजळणी करून घेणारं ॲप. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. वैद्यकीय अभ्यासासाठी किंवा इतिहासाच्या सनावळ्यांसाठीही लोक अँकी वापरतात, पण इथे विचार फक्त वरच्या पातळीच्या इंग्रजी शब्दसंग्रहाचा.

आधी पैशांचं बघू. डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये आणलेला हा फ्लॅशकार्डचा प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्सवर फुकट आहे. अँड्रॉइडवरचं अँकीड्रॉइड स्वयंसेवकांनी वेगळं बनवलेलं आहे, तेही फुकट आणि जाहिरातीविना. आयफोनवरच्या अँकीमोबाइलला मात्र २४.९९ डॉलर एकरकमी मोजावे लागतात. तेवढे द्यायचे नसतील तर आयफोनच्या ब्राउझरमध्ये अँकीवेब उघडून उजळणी करता येते. ऑफलाइन चालत नाही आणि सोयी कमी आहेत, पण काम भागतं. ॲप स्टोअरमध्ये शोधताना जपून. 'अँकी' हे नाव पुढे-मागे लावलेली बरीच ॲप दिसतात, त्यांचा मूळ प्रोग्रामशी संबंध नसतो आणि काही दरमहा पैसे मागतात. अँड्रॉइडवर 'अँकीड्रॉइड' आणि आयफोनवर 'अँकीमोबाइल' एवढीच दोन नावं लक्षात ठेवा.

काम कसं चालतं ते थोडक्यात. कार्डाची पुढची बाजू दिसते, उत्तर मनात आठवायचं, कार्ड उलटायचं आणि चारपैकी एक बटण दाबायचं: अगेन, हार्ड, गुड, ईझी. त्यावरून पुढची तारीख ठरते. दर वेळी 'गुड' दाबत गेलात तर जुन्या गणितात अंतर साधारण एक दिवस, मग दोन-तीन दिवस, आठवडा, अठरा-वीस दिवस, दीड महिना, चार महिने असं वाढत जातं. २०२३ च्या अखेरीस आलेल्या २३.१० आवृत्तीपासून एफएसआरएस नावाचं नवं गणितही त्यात आहे. ते तुमच्या स्वतःच्या उत्तरांवरून तुमची विसरण्याची गती काढतं. कार्डांच्या गठ्ठ्याला अँकीत 'डेक' म्हणतात. त्याच्या सेटिंगमध्ये, म्हणजे डेक ऑप्शन्समध्ये, ते बंद दिसलं तर पहिल्याच दिवशी चालू करा आणि महिन्यातून एकदा तिथलं 'ऑप्टिमाइझ' दाबा.

त्याच पानावर 'डिझायर्ड रिटेन्शन' नावाचा आकडा आहे, मुळात ०.९०. म्हणजे कार्ड समोर येईल तेव्हा ते आठवण्याची शक्यता नव्वद टक्के असावी, असा बेत. याचा सरळ अर्थ असा की दहातलं एक कार्ड चुकणं हे ठरवूनच केलेलं आहे. नवखी मंडळी हे एक चुकलं की घाबरतात आणि आकडा ०.९७ वर नेऊन ठेवतात. मग रोजच्या कार्डांचा ढीग झपाट्याने वाढतो आणि महिना-दीड महिन्यात ॲपच उघडायचं बंद होतं. शब्दांसाठी ०.९० पुरेसं आहे. रोज वाचन होत असेल तर ०.८५ सुद्धा चालेल, कारण तेच शब्द वाचनातही भेटत राहतात.

आता 'हार्ड' या बटणाबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याच्यामुळे होतं. शब्द आठवला नाही, पण उत्तर बघितल्यावर 'अरे हो, माहीत होता की' असं वाटतं आणि बोट 'हार्ड'कडे जातं. अँकीच्या हिशेबात 'हार्ड' म्हणजे पास, उशिरा आठवलं पण आठवलं. न आठवलेल्या शब्दाला 'हार्ड' दिलं की ते कार्ड पुन्हा काही दिवस लांब जातं, आणि एफएसआरएसला वाटतं की तुमची स्मरणशक्ती आहे त्यापेक्षा चांगली आहे. मग सगळ्याच कार्डांचं गणित बिघडतं. सोपा नियम असा: आठवलं नाही तर अगेन, आठवलं तर गुड. बाकीची दोन बटणं पहिले काही महिने विसरून जा.

इथवर प्रोग्रामची बाजू भक्कम आहे. गडबड सुरू होते ती तयार डेकपाशी.

अँकीवेबवर इंग्रजी शब्दांचे शेकडो डेक फुकट मिळतात. बहुतेकांची रचना एकच: पुढे शब्द, मागे चार समानार्थी शब्द. वाक्य नाही, शब्द कुणाबरोबर येतो ते नाही, उच्चार नाही. काही डेकवर जुन्या जीआरईची (परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेची) सावली आहे. विरुद्धार्थी शब्द आणि ॲनॅलॉजीचे, म्हणजे शब्दांच्या जोड्यांतलं नातं ओळखायचे, प्रश्न त्या परीक्षेतून २०११ मध्येच गेले, आता वाक्यातली रिकामी जागा भरायची असते. तरीही समानार्थी-विरुद्धार्थी घोकायच्या याद्या डेकच्या रूपाने फिरतातच. असा हजार शब्दांचा डेक उतरवून घेतला की दोन महिन्यांनी कार्डावर शब्द ओळखता येतो, आणि तोच शब्द लेखात भेटला की अर्थ लागत नाही. दोष स्मरणशक्तीचा नाही, कार्डावर मुळातच लक्षात ठेवण्याजोगं काही नव्हतं.

याचा मासला म्हणून तीन शब्द घ्या: रेटिसंट, टॅसिटर्न, लॅकॉनिक. मराठी अर्थाच्या डेकमध्ये तिघांपुढे 'अबोल' किंवा 'मितभाषी' सापडेल. रेटिसंट माणूस मनातलं, खासगीतलं सांगायला नाखूष असतो, इतर विषयांवर तो छान गप्पा मारेल. टॅसिटर्न हा स्वभावच कमी बोलण्याचा, त्यात थोडा रूक्षपणाही येतो. लॅकॉनिक हे बहुधा उत्तराबद्दल किंवा शैलीबद्दल म्हणतात, नेमक्या थोड्या शब्दांत दिलेलं. आता 'अबोल' पुढे आणि इंग्रजी शब्द मागे असं उलटं कार्ड केलंत, तर तिन्ही कार्डांची पुढची बाजू सारखीच. कोणता शब्द अपेक्षित आहे हे कळायला मार्गच नाही. कार्ड चुकत राहतं, आणि आठव्यांदा विसरलं की अँकी त्यावर 'लीच', म्हणजे जळू, असा शिक्का मारतो. शिक्का कार्डावर बसतो, चूक मात्र ते बनवणाऱ्याची असते.

तेव्हा कार्ड स्वतः बनवा. एका शब्दाला दोन ते तीन मिनिटं लागतात, आणि अँकीची खरी किंमत हीच आहे. ती मोजायची तयारी नसेल तर पुढे वाचण्यात अर्थ नाही.

एका शब्दाच्या सगळ्या माहितीला अँकी 'नोट' म्हणतो, तिच्यातून कार्डं बनतात. संगणकावर टूल्समधून 'मॅनेज नोट टाइप्स' उघडा आणि ॲड दाबून 'बेसिक अँड रिव्हर्स्ड कार्ड'ची प्रत काढा. तिच्यात दोन कार्डांचे साचे आधीपासून असतात, म्हणून ती सोयीची. तिला सात रकाने द्या: शब्द, वाचलेलं वाक्य, अर्थ, गाळलेलं वाक्य (शब्दाच्या जागी रिकामी जागा ठेवलेलं), इशारा, जोडीचे शब्द (ज्यांच्याबरोबर तो येतो ते), उच्चार. पहिल्या कार्डाच्या पुढे फक्त 'वाचलेलं वाक्य' ठेवा, त्यात शब्द ठळक करून, आणि मागे अर्थ, जोडीचे शब्द, उच्चार. दुसऱ्या कार्डाच्या पुढे 'गाळलेलं वाक्य' आणि 'इशारा', मागे शब्द. दोन्ही वाक्यं वेगळी हवीत, हे महत्त्वाचं. वाक्य एकच असलं तर पाच-सहा उजळण्यांनंतर पहिले दोन शब्द दिसताच उत्तर तोंडात येतं, अर्थाचा विचारच होत नाही. टक्केवारी छान दिसते, पण डोक्यात त्या वाक्याचा चेहरा राहिलेला असतो, शब्द नाही.

'मिटिगेट' हा शब्द भरून बघू. वाचलेलं वाक्य ज्या लेखात शब्द भेटला तिथूनच, लांब असेल तर कापून दहा-बारा शब्दांचं करा. अर्थ इंग्रजीतच, पण सोप्या भाषेत: 'टु मेक समथिंग लेस हार्मफुल ऑर सीरियस'. त्यासाठी मोठा शब्दकोश नको, शिकणाऱ्यांसाठीचा हवा. लाँगमनचा लर्नर्स शब्दकोश साधारण २००० सोप्या शब्दांतच व्याख्या देतो, आणि तो ऑनलाइन फुकट बघता येतो. गाळलेलं वाक्य स्वतः रचा, ओळखीच्या विषयावर: 'न्यू चेक डॅम्स हेल्प्ड टू ____ द इफेक्ट्स ऑफ द ड्रॉट'. इथे रिड्यूस, लेसन, सॉफन हेही बसतात, म्हणून इशाऱ्यात पहिलं अक्षर द्या आणि एक मराठी खूण: 'तीव्रता कमी करणे, औपचारिक'. मराठी इथे उपयोगी पडतं, एकट्याने उत्तर देण्यासाठी नाही तर दिशा दाखवण्यासाठी. जोडीच्या शब्दांत रिस्क, इम्पॅक्ट, इफेक्ट्स, डॅमेज. त्याच रकान्यात एक सूचनाही टाका: 'मिटिगेट'नंतर 'अगेन्स्ट' येत नाही, 'अगेन्स्ट' लागतं ते 'मिलिटेट'ला, आणि त्याचा अर्थ आड येणे. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही या दोघांत गल्लत करतात.

एक सोय बऱ्याच जणांना माहीत नसते. कार्डाची पुढची बाजू रिकामी राहत असेल तर अँकी ते कार्ड तयारच करत नाही. म्हणजे जो शब्द फक्त वाचताना कळला तरी पुरे, त्याचे गाळलेलं वाक्य आणि इशारा हे दोन्ही रकाने मोकळे सोडायचे, एकच कार्ड होईल. लिखाणात वापरायच्या शब्दांनाच दुसरं कार्ड. अग्रलेखातल्या निम्म्याहून अधिक अवघड शब्दांना एकच कार्ड पुरतं. ज्यांना दोन कार्डं आहेत त्यांच्यासाठी डेक ऑप्शन्समध्ये 'बरी सिबलिंग्ज'चे (एकाच नोटचं दुसरं कार्ड त्या दिवसापुरतं झाकून ठेवणारे) पर्याय चालू करा, नाहीतर दोन्ही कार्डं एकाच दिवशी समोर येतात आणि पहिलं दुसऱ्याचं उत्तर फोडतं.

उच्चाराचा रकाना देवनागरीत भरा. त्याला कमी लेखू नका. स्पेलिंगवरून वाचायची सवय असल्याने आपल्याकडे हायपर्बलीचं 'हायपरबोल', इन्डाइटचं 'इन्डिक्ट', अरायचं 'ऑरी' होतं. हे शब्द कानावर पडतात तेव्हा मग ओळखूच येत नाहीत. साच्यात टीटीएसची (लिहिलेलं वाचून दाखवणाऱ्या सोयीची) एक ओळ टाकली की फोन किंवा संगणक इंग्रजी वाचून दाखवतो. त्या ओळीला सुटा शब्द न देता वाक्याचा रकाना द्या. 'कन्व्हिक्ट'सारख्या शब्दात नाम असताना आघात पहिल्या अक्षरावर आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर असतो, सुट्या शब्दावरून यंत्राला ते कळायचं कसं?

कोणते शब्द घ्यायचे? वरच्या पातळीचा शब्दसंग्रह म्हणजे दुर्मीळ शब्दांचं प्रदर्शन नव्हे. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या शैक्षणिक शब्दांच्या यादीत ५७० शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ) आहेत, आणि अभ्यासाच्या विषयांवरच्या मजकुरात साधारण दहा टक्के शब्द त्यांतले निघतात. इतक्या कमी शब्दांत हा परतावा भरपूर आहे. ही यादी डोळ्यांखालून घालून अडणाऱ्या शब्दांवर खुणा करा, मग ते वाचनात भेटले की कार्ड. त्यानंतर ऑक्सफर्ड ५००० या यादीत ऑक्सफर्ड ३००० च्या वर जोडलेले बी२ आणि सी१ पातळीचे (युरोपीय मोजपट्टीवर मध्यमाच्या वरचे आणि प्रगत) २००० शब्द. एरवी नियम असा ठेवा की शब्द दोनदा वेगवेगळ्या ठिकाणी भेटला तरच त्याला कार्ड. एकदाच भेटलेला शब्द वर्षभर भेटणारही नाही. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या २००६ च्या हिशेबाप्रमाणे कादंबरी किंवा वर्तमानपत्रातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात. एवढी सगळी कार्डांनी भरून काढायची नसतात, वाचनानेच भरतात. अँकीचं काम त्यातले निसटणारे शब्द धरून ठेवण्याचं.

रोजची संख्या हा दुसरा सापळा. मुळात अँकी दिवसाला २० नवी कार्डं देतो. ऐकायला थोडी वाटतात. पण दोन-तीन महिन्यांनी रोजची उजळणी नव्या कार्डांच्या साधारण सात ते दहा पट होते, म्हणजे दीडशे ते दोनशे कार्डं. कार्डाला आठ सेकंद धरले तरी वीस ते सत्तावीस मिनिटं, आणि नवी कार्डं बनवायचा वेळ वेगळा. नोकरी किंवा क्लास सांभाळून हे टिकत नाही. पाच शब्द, म्हणजे सात ते दहा कार्डं, यावर थांबा. वर्षाला अठराशे शब्द होतात, आणि ते पुष्कळ झाले.

गणपतीत किंवा दिवाळीत आठवडाभर ॲप उघडलं नाही तर चारशे-पाचशे कार्डं साचतात. तेव्हा डेक टाकून नवीन सुरू करू नका. नव्या कार्डांची मर्यादा शून्यावर आणा, उजळणीची मर्यादा रोज १०० ठेवा, आठवड्या-दोन आठवड्यांत गाडी रुळावर येते. रात्री जागून अभ्यास करणाऱ्यांसाठी एक बारीकशी गोष्ट: अँकीचा नवा दिवस मध्यरात्री नाही, पहाटे चारला सुरू होतो. साडेबाराला केलेली उजळणी आदल्या दिवसाच्याच खात्यात पडते. हवं तर प्रेफरन्सेसमध्ये वेळ बदला.

जवळच्या अर्थाचे किंवा सारख्या दिसणाऱ्या शब्दांची कार्डं एका दिवशी बनवू नका. इमिनंट आणि एमिनंट, प्रिस्क्राइब आणि प्रोस्क्राइब अशा जोड्या शब्दसंग्रहाच्या पुस्तकांत शेजारी-शेजारी छापलेल्या असतात. पुस्तकाच्या पानावर ते सोयीचं दिसतं, पण पाठ करताना दोन्ही एकमेकांत गुंततात. एक पक्का होऊ द्या, महिन्याभराने दुसरा. लीच झालेली कार्डं ब्राउझ खिडकीत 'लीच' टॅगने शोधा. त्यांतली बहुतेक अशा गुंत्यातलीच निघतात. वाक्य बदला, इशारा बदला, नाहीतर सरळ काढून टाका. एका शब्दावाचून इंग्रजी अडत नाही.

दोन तांत्रिक दुखणी आहेत, दोन्ही टाळता येतात. एक्सेलमध्ये यादी करून ती आत घ्यायची असेल तर साधी सीएसव्ही नको, 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा प्रकार निवडा, नाहीतर मराठीचा सगळा मजकूर प्रश्नचिन्हं होऊन येतो. आणि आत घेताना पहिला रकाना सारखा असेल तर अँकी जुन्या नोटवरच नवा मजकूर चढवतो. म्हणून एकाच शब्दाचे दोन अर्थ वेगळे ठेवायचे असतील तर पहिल्या रकान्यात शब्दापुढे १, २ असे आकडे घाला.

दुसरं दुखणं सिंकचं, म्हणजे फोन आणि संगणकावरचा संग्रह जुळवण्याचं. संगणकावर नोट टाइपमध्ये रकाना वाढवला की पुढच्या सिंकला अँकी विचारतो: अपलोड की डाउनलोड? दोन्हीकडचं एकत्र करायची सोय तिथे नसते, एक बाजू पुसली जाते. फोनवर केलेली चार दिवसांची उजळणी संगणकावर आणलेली नसेल तर अपलोड दाबताच ती गेली. साच्यात हात घालण्याआधी फोन सिंक करा, मग संगणक, मगच बदल, संगणकावरून अपलोड, आणि फोनने विचारलं की डाउनलोड. महिन्यातून एकदा फाइल मेनूतून सगळा संग्रह एक्स्पोर्ट करून दुसरीकडे ठेवा.

परीक्षा तीन आठवड्यांवर असेल तर अँकी आता सुरू करू नका. लांबत जाणारी अंतरं हीच त्याची ताकद, आणि तेवढ्या दिवसांत ती लांबायला जागाच मिळत नाही. त्यापेक्षा मागच्या प्रश्नपत्रिका सोडवून चुकलेल्या शब्दांची वहीत यादी केलेली बरी. सहा महिने हाताशी असतील तर आज पाच शब्द भरा, आणि परीक्षेच्या आधीच्या महिन्यात नवी कार्डं बंद करून फक्त उजळणी चालू ठेवा.